पानगळीतला वसंत
(आकाशवाणीवरील भाषण)



पंचांगकर्त्यांनी चैत्र आणि वैशाख हे दोन महिने वसंताच्या नावे लावून दिले आहेत. परंतु घाटमाथ्यापासून पूर्वेकडे पसरलेल्या आपल्या देशावरच्या मुलखात जो थोडाफार हिंडलेला आहे, त्याला हा ऋतू माघाच्या अखेरीसच येऊन ठेपलेला दिसतो. ओढ्यांचे पाणी डोहापुरते उरलेले असते, डोंगरउतारावरचे गवत पिवळे पडून पायाखाली मोडू लागते, साग, सालई आणि मोई यांची पाने गळून रानात उन्हाची तिरीप थेट जमिनीपर्यंत पोहोचते, आणि नेमक्या याच वेळी आपल्याकडचा वसंत सुरू होतो. शहरातल्या सुशिक्षित माणसाची मात्र अशी समजूत झालेली असते, की रानात जायचे ते श्रावण-भाद्रपदात, धबधबे वाहत असताना. फाल्गुन-चैत्रात तेथे धुरळ्यावाचून काय असणार? ही समजूत मला मोठी घातक वाटते. जे ओसाड म्हणून गणले गेले त्याची कदर कोणी करीत नाही, आणि ज्याची कदर नाही ते जळून गेले तरी आपले काही गेले असे कोणाला वाटत नाही.

वस्तुस्थिती अशी आहे, की पाने टाकणे हे आपल्या वृक्षांच्या मरणाचे लक्षण नसून त्यांच्या शहाणपणाचे लक्षण आहे. पानांतून पाण्याची सतत वाफ होत असते. जमिनीतली ओल कमी होऊ लागली, म्हणजे हा खर्च बंद करावा आणि उरलेली शिल्लक फुलांकडे वळवावी, अशी तजवीज या झाडांपैकी पुष्कळांनी केलेली आहे. पाने नसल्यामुळे फूल दुरून दिसते, पाखरांना तेथवर पोहोचण्यास आडकाठी राहत नाही, आणि शेंगा व बोंडे पिकून त्यांतले बी मृगाच्या आत जमिनीवर पडते, म्हणजे रुजण्यासाठी त्याला पावसाळ्याचे चारही महिने मिळतात. ज्या काळाला आपण रखरखाट म्हणतो, तो काळ या वृक्षांनी आपल्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाच्या कार्यासाठी निवडलेला आहे.

या व्यवस्थेचा प्रत्यय घ्यावयाचा असेल तर सबंध रान पालथे घालण्याचे कारण नाही. फुललेली एक काटेसावर पुरते. मावळात, मुळशीकडे किंवा भोरच्या वाटेवर, एखाद्या वाडीच्या वर, बांधाच्या कडेला ती उभी असते. तिच्या फांद्या खोडापासून मजल्यामजल्यांनी आडव्या निघालेल्या असतात आणि त्यांवर पान म्हणून एकही नसते. सूर्योदयापूर्वी जाऊन, उन्हाकडे पाठ करून, झाडापासून थोड्या अंतरावर बसावे. पहिला कवडसा शेंड्यावर पडतो न पडतो तोच साळुंक्या येतात, त्यांच्या मागोमाग भांगपाडी मैना येतात. कोतवाल शेंड्याच्या फुलावर बसून आसपासच्या लहान पाखरांवर अंमल गाजवू लागतो. बुलबुल, चष्मेवाले, टकाचोर, हळद्या यांची एकच झुंबड उडते, आणि जांभळा शिंजीर या सर्वांच्या गर्दीतून वाट काढीत एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जातो. खाली पडलेले एखादे ताजे फूल उचलून पाहावे. तळहात भरून जाईल एवढे ते असते. पाच जाड, मांसल, तांबड्या पाकळ्या, मध्ये पुंकेसरांचे दाट जुडगे, आणि तळाशी पातळ, गोडसर मधुरस इतका साचलेला की फूल कलते केले तर बोटे ओली व्हावीत. त्या रसासाठी पाखरू डोके आत खुपसते, त्याच्या कपाळाला पराग माखतात, आणि ते तसेच दुसऱ्या झाडावर जाते. हाच त्या दोघांमधला करार आहे. सलीम अली यांनी 1932 साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात पुष्पांवर येणाऱ्या भारतीय पक्ष्यांविषयी एक विस्तृत लेख लिहून या कराराची शास्त्रीय मांडणी केली. तो लेख ज्यांना वाचणे शक्य नाही, त्यांना सावरीखाली बसून त्यातला पुष्कळसा भाग स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून घेता येतो.

या गर्दीत कधीकधी गुलाबी अंगाची आणि काळ्या डोक्याची पाखरे थव्याथव्याने उतरतात. ह्या पळसमैना, ज्वारीच्या राखणीला बसलेला आमचा शेतकरी त्यांना भोरड्या म्हणून ओळखतो आणि गोफण घेऊन त्यांच्या मागे लागतो. मध्य आशियाकडून येऊन हिवाळा त्या आपल्याकडे काढतात, आणि परत निघण्यापूर्वी सावरीच्या व पळसाच्या मधावर ताव मारून जातात. चैत्र संपता संपता हे थवे दिसेनासे होतात. म्हणून त्यांना पाहायचे तर हेच दिवस. सावरीचा शिधा केवळ पाखरांसाठी असतो असेही नाही. रात्री तिच्यावर वटवाघळे येतात, दिवसा खारी आणि वानरे येतात, आणि जंगलाच्या हद्दीत झाड असले तर खाली पडलेली फुले वेचण्यासाठी पहाटे भेकर येऊन जाते. मऊ मातीत त्याच्या खुरांचे लहान, टोकदार ठसे राहिलेले असतात. ते पाहण्यासाठी तरी आपली पावले जपून टाकावीत.

पळसाविषयी मी अधिक बोलत नाही, कारण होळीच्या रंगामुळे आणि पत्रावळींमुळे तो सर्वांच्या परिचयाचा आहे. एवढेच सांगतो, की त्याच्या फुलाला गंध नाही, तरीही ते शिंजिरांना आणि खारींना आपल्याकडे ओढून घेते. पांगाराही याच सुमारास पेटतो. कुसुंबाची गंमत निराळीच, कारण त्याचे जे लालभडक रूप लांबून बहर म्हणून दिसते ती फुले नसून कोवळी पाने असतात. पूर्व विदर्भातल्या श्रोत्यांना मोहाची आठवण या क्षणी खचित झाली असेल. पहाटे टपटप गळणारी ती फुले वेचण्यासाठी गोंड बायका टोपल्या घेऊन निघतात, आणि अस्वलही त्याच वेळी त्याच झाडाखाली येण्याचा संभव असतो.

आता रान सोडून माळावर येऊ. सासवड-जेजुरीच्या पुढे पूर्वेकडे जी खडकाळ, उघडी जमीन लागते, तिच्याइतकी उपेक्षित जागा दुसरी नसेल. महसुलाच्या दप्तरातही ती पडीक म्हणूनच नोंदलेली असते. परंतु फाल्गुनात या पडीक जमिनीवर सकाळी उभे राहावे, म्हणजे डोंबारी नावाचा चिमणीएवढा चंडोल जमिनीवरून सरळ वर चढताना, पंख मिटून स्वतःला खाली झोकून देताना आणि जमिनीपासून थोडक्या अंतरावर पुन्हा उसळी घेताना दिसतो. त्याची मादी जवळच कुठेतरी ढेकळाच्या आडोशाला, वाटीएवढ्या खळग्यात अंडी उबवीत असते.

टिटवीचे घरटे तर घरटे म्हणवत नाही. नांगरलेल्या रानात किंवा मुरुमाच्या उतारावर ती एक उथळ खळगा पसंत करते, त्याच्या कडेने बारीक खडे आणि लेंड्या ठेवते, आणि त्यात बहुधा चार अंडी घालते. त्यांची निमुळती टोके आतल्या बाजूस वळलेली असतात; रंग मातकट, वर काळसर डाग. नजर एकदा हलली, की हाताच्या अंतरावरची ती अंडी पुन्हा सापडत नाहीत. त्यांच्या रक्षणाचा हा मोठा बंदोबस्त निसर्गाने केलेला आहे. दुपारी जमीन तापून तव्यासारखी झाली, की उबविण्याऐवजी अंडी थंड राखण्याची चिंता त्या आईबापांना पडते. तेव्हा त्यांपैकी एक पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येतो आणि त्या ओलाव्याने अंड्यांना गारवा देतो. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली तर पाऊस जास्त, सखल जागी घातली तर कमी, असा ठोकताळा आमचे वृद्ध शेतकरी सांगतात. तो खरा ठरो वा न ठरो. त्या ठोकताळ्यापोटी नांगर हाकणारा माणूस त्या जागेला वळसा घालून पुढे जातो, आणि त्या वळशाबद्दल मला त्याच्याविषयी अतिशय आदर वाटतो.

ज्यांना प्रकृतीमुळे किंवा नोकरीमुळे गावाबाहेर पडणे शक्य नाही, त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. रस्त्याच्या कडेला एखादा वड, पिंपळ किंवा उंबर असला, तर भर दुपारीही तांबटाचे एकसुरी टुक-टुक तेथून चाललेले असते. कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका असलेला हा हिरवा पक्षी वाळलेल्या फांदीत चोचीने गोल भोक पाडून आत संसार थाटतो. म्हणून झाडाची प्रत्येक सुकी फांदी तोडून टाकण्याची घाई करू नये. पहाटे जो कोकीळ आळवीत असतो तो नर. त्याची ठिपकेदार जोडीदारीण कावळ्याच्या घरट्यावर नजर ठेवून पानाआड गप्प बसलेली असते.

पाहण्याची म्हणून काही रीत आहे, ती थोडक्यात सांगतो. भडक वस्त्रे नकोत, मोठ्याने बोलणे नको, आणि फार चालणे तर मुळीच नको. एका जागी तासभर स्थिर बसलेल्या माणसाला जेवढे दिसते, तेवढे दिवसभर वणवण करणाऱ्याला दिसत नाही. घरटे आढळले तर त्याच्याजवळ रेंगाळू नये, कारण आपल्या मागावर कावळे असतात. पाणवठ्यावर ठाण मांडून तर कधीच बसू नये. उन्हाळ्यात कोसाकोसांत ते एकच पाणी असते, आणि आपण तेथे बसलो म्हणजे तहानेली जनावरे झाडीच्या आडोशाला खोळंबून राहतात. ठसे पाहावेत आणि उठावे.

शेवटी ज्या गोष्टीसाठी मी आजची ही वेळ मागून घेतली, ती सांगतो. याच दिवसांत संध्याकाळी आपल्या डोंगरांवर अग्नीची रेषा सरकताना दिसते. कोठे पुढच्या वर्षी गवत चांगले येईल या समजुतीने काडी लावलेली असते, कोठे राब, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागी पसरलेला पालापाचोळा, भाजताना ठिणगी उडालेली असते, कोठे बिडीचे थोटूक टाकलेले असते. राब भाजणे ही डोंगरी शेतकऱ्याची पिढीजात गरज आहे, हे मी जाणतो. माझी तक्रार तिच्याविषयी नाही, तर राबाच्या भोवती जाळरेषा न काढता, वाऱ्याचा अंदाज न घेता आणि आग विझेपर्यंत न थांबता घरी परतण्याविषयी आहे. वणव्यात जे जळते ते केवळ वाळके गवत नसते. रातवा उघड्या जमिनीवर, पाचोळ्यातच अंडी घालतो. तित्तिर आणि लावा गवताच्या बुडख्याशी घालतात. ससा, सरडा आणि घोरपड यांना पळण्याचे बळ असले तरी प्रत्येकाला वाट सापडतेच असे नाही. आणि गतवर्षी रुजलेली सावरीची, पळसाची, कुसुंबाची वीतभर रोपे तर जागच्या जागी संपतात. त्या उघड्या पडलेल्या उतारावरची माती पहिल्या वळवाबरोबर ओढ्याला जाते, म्हणजे ज्या गवताच्या आशेने आग लावली तेही पुढे विरळ होत जाते.

म्हणून माझी आपणा सर्वांस हात जोडून विनंती आहे, की या फाल्गुनात आणि चैत्रात एखादी तरी सकाळ काढून, घरातल्या मुलांना बरोबर घेऊन, जवळच्या डोंगरावर किंवा माळावर जा. तेथे चूल पेटवू नका, पेटती काडी टाकू नका. आणि कोठे धूर दिसला तर पुढे न जाता माघारी फिरून गावच्या पोलीस पाटलास आणि जवळच्या वनखात्याच्या कचेरीस त्याची वर्दी तत्काळ द्या.