घाट चढतोय, मीटर सपाट

जुलैत पोलादपूरहून आंबेनळी घाट चढत होतो. सायकल कॉम्प्युटर म्हणे, चढ 0 टक्के! त्याच्या भरवशावर जोर लावला आणि अर्ध्या घाटात पाय गळाले.

वाटलं, जीपीएस गंडला. पण नकाशावर जागा अचूक होती. माझं यंत्र उंची हवेच्या दाबावरून काढतं; साधारण 8 मीटर चढलं की दाब 1 हेक्टोपास्कल उतरतो. त्यासाठी बारीक छिद्र असतं. आमचा पाऊस, वर चिखल. छिद्र बंद, आतला दाब तसाच. कोमट पाण्यात भिजवून सुकवलं, सुरू! टाचणी मात्र घालू नका, सेन्सर जाईल.

आणि पावसाआधी हवेचा दाब उतरला, तर घरात उभी सायकलसुद्धा थोडा घाट चढते. तो बिघाड नव्हे. निघताना उंची जुळवून घ्यायची, बस्स.