बोंडअळी आणि सामूहिक शिस्त
(कापूस उत्पादक शेतकऱ्यांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



शेंदरी बोंडअळी म्हटले की विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याला २०१७ चा खरीप आठवतो. वरून निरोगी दिसणारी बोंडे फोडली, तर आत किडलेली सरकी आणि डागाळलेली रुई. जे बीटी बियाणे बोंडअळीपासून रक्षणासाठी घेतले, त्याच बियाण्याच्या पिकात अळी सुखेनैव नांदत होती. असे का व्हावे?

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू. १९०१ साली जपानमध्ये रेशीमकिड्यांच्या रोगाचा शोध घेताना तो प्रथम आढळला. त्याच्या विषारी प्रथिनाचे जनुक कपाशीत घातले, ती बीटी कपाशी. हे प्रथिन अळीच्या आतड्यातील ठरावीक रेणूंना चिकटते, पेशींना छिद्रे पाडते आणि अळी मरते. जणू कुलूप आणि किल्ली! परंतु असंख्य अळ्यांत एखादीचे कुलूप जन्मतःच निराळे असते. किल्ली तिला लागू पडत नाही. बाकीच्या मरतात, ती जगते, आणि पुढची पिढी तिची होते.

यावर शास्त्रज्ञांनी उपाय योजला होता. बीटी कपाशीभोवती बिगर-बीटी कपाशीच्या पाच ओळी अथवा वीस टक्के क्षेत्र, यांपैकी जे अधिक असेल तेवढे लावायचे. तेथे विषाला बळी पडणारे पतंग वाढतात. विरळा प्रतिकारक्षम पतंग त्यांच्याशीच जुळला, तर संतती बहुधा विषाला बळी पडते. म्हणून ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅमचे वेगळे पाकीट दिले जाई. आपण त्याचे काय केले? बहुतेकांनी ते पेरलेच नाही. लहान शेतकऱ्याला पाच ओळी किडीला देणे परवडत नव्हते, हेही खरे. दोष केवळ त्याचा नाही. दीर्घ मुदतीचे संकरित वाण विकणारे आणि नियम करून अंमलबजावणी विसरणारे, तेही वाटेकरी आहेत.

परिणाम काय झाला? २००२ मध्ये एका जनुकाच्या बीटी कपाशीला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांची आली. २०१० मध्ये गुजरातेतील अमरेली, भावनगर, जुनागढ व राजकोट जिल्ह्यांत पहिल्या विषाला अळी दाद देत नसल्याचे जाहीर झाले. पुढे दुसरेही विष निष्प्रभ ठरले.

याच अळीची दुसरी कथा अमेरिकेतील ॲरिझोनाची आहे. तेथे १९९६ पासून बीटी कपाशी आहे. शेतकऱ्यांनी आश्रय-पिकाचा नियम निष्ठेने पाळला. २००६ पासून विमानांतून कोट्यवधी वंध्य पतंग सोडले गेले. २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने कपाशीच्या प्रदेशातून ही कीड नष्ट झाल्याचे घोषित केले. अळी तीच, विषही तेच. तेथील जमीनधारणा मोठी, हंगामही निराळा, हे मान्य करूनही सामूहिक शिस्तीचा फरक नजरेआड करता येत नाही.

किडीचे विषाला बळी पडणे ही सर्वांची सामाईक ठेव असते. ती गावतळ्यासारखी आहे. एकाने उपसली की सगळ्यांची आटते. पतंगाला बांध कळत नाही.

म्हणून आजचे कर्तव्य साधे, पण सर्वांनी मिळून करण्याचे आहे. हंगामपूर्व लागवड टाळावी. फरदड घेऊ नये; डिसेंबरअखेर पीक संपवावे. ही अळी प्रामुख्याने कपाशीवरच जगते, त्यामुळे काही महिने शेतात कपाशी नसली की तिची साखळी तुटते. पऱ्हाट्यांच्या गंजी बांधावर रचू नयेत. कामगंध सापळे शेतात आणि जिनिंगच्या आवारातही लावावेत. डोमकळ्या दिसताच वेचून नष्ट कराव्यात.

एकट्याने हे केले तर लाभ थोडा. पूर्ण शिवाराने केले तर पुष्कळ. नवे बियाणे येईल तेव्हा येईल. ते टिकवणारे गाव मात्र आपणच घडवायचे आहे.