कर्ज माफ झालं, वऱ्हाड सुटलं नाही

साम्राज्य म्हटलं की डोळ्यांपुढे तोफा येतात. पण आपल्या यवतमाळपर्यंत इंग्रज तोफा ओढत आला नाही. तो हिशेबाची वही काखेत मारून आला.

हैदराबादच्या निजामाच्या खर्चाने एक फौज पोसली जाई. तिला कन्टिंजंट म्हणत. हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, पगार निजामाचा! पगार थकत गेला, कर्ज वाढत गेलं. अखेर 1853 मध्ये, डलहौसीच्या काळात, तह झाला आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे गेला. पुढचं ऐका. 1860 मध्ये इंग्रजांनी सुमारे 50 लाखांचं कर्ज माफ केलं. धाराशिव, रायचूरचा मुलूखही परत दिला. वऱ्हाड मात्र ठेवून घेतलं. सावकाराने कागद फाडावा आणि वावर तेवढं ठेवून घ्यावं, तसं. 1902 मध्ये कर्झनने ते वर्षाला 25 लाखांवर कायमच्या पट्ट्याने घेतलं.

मिसरमध्येही तेच. तिथेही कापूस, तिथला खेदिवही कर्जात बुडाला, आणि 1882 मध्ये इंग्रज फौज उतरली.

वऱ्हाड सोडवेना, कारण इथली काळी माती. लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकेच्या कापसावर चालत. 1861 मध्ये तिकडे यादवी पेटली, माल अडला आणि आपल्या रुईला सोन्याचे दिवस आले. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव उतरले. माझे आजोबा पिंजारी होते, खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव फिरायचे. लिव्हरपूल हे नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. पण ज्या कापसावर आमची चूल पेटायची, त्याच्या भावाची नाडी तिथल्या बाजाराच्या हाती होती.

मग रूळ आले. 1867 मध्ये मोठी रेल्वे नागपूरला पोचली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत अरुंद रूळ यवतमाळात आले. तीच आपली शकुंतला. तिच्यावर आपण फार जीव लावला, नावही किती गोड दिलं! पण ती आपल्या माहेरवाशिणींसाठी बांधलेली नव्हती, कापसाच्या गाठींसाठी होती. देश स्वतंत्र झाला, मोठ्या रेल्वे सरकारच्या झाल्या. हिच्या रुळांची मालकी मात्र जुन्या खासगी कंपनीकडेच राहिली. गाडी चालवायची आपल्या रेल्वेने, आणि रुळांचे पैसे भरायचे कंपनीला. स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षं हे असंच चाललं. आता गाडीच धावत नाही.