घटनाकारांची प्रश्नपत्रिका
(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभातील भाषण)



आजच्या भाषणासाठी मला विषय देण्यात आला आहे, तो असा: आपल्या राष्ट्राचे निर्माते आज परत आले, तर या देशाविषयी काय म्हणतील? विषय चांगला आहे, पण त्यात एक धोका आहे. जे आज हयात नाहीत त्यांच्या तोंडी आपलेच मत घालणे फार सोपे असते. गांधीजी, नेहरू, डॉ. आंबेडकर, मौलाना आझाद हे सर्व आपल्याच बाजूचे होते असे प्रत्येक पक्षाला वाटते, आणि त्यांच्यापैकी कोणी येऊन आपली चूक दाखवणार नाही याची आपल्याला खात्री असते. म्हणून त्यांच्या वतीने मी काही बोलणार नाही. त्यांनी आपल्या हाताने जे लिहून ठेवले आहे, तेच आपण समोर ठेवू.

घटना समितीची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी भरली आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी तिने घटना स्वीकारली. या तीन वर्षांच्या आत देशाची फाळणी झाली, लाखो लोक बेघर झाले, महात्माजींचा खून झाला. अशा काळात या मंडळींनी एक ग्रंथ लिहिला. आपण त्या ग्रंथाला नमस्कार करतो. परंतु मला तो ग्रंथ एखाद्या प्रश्नपत्रिकेसारखा वाटतो. परीक्षक आपले काम करून निघून गेले. पेपर मात्र दर पिढीला नव्याने सोडवावा लागतो. त्यांतील चार प्रश्नांकडे मी आज आपले लक्ष वेधू इच्छितो.

पहिला प्रश्न मताचा. १९५१ च्या जनगणनेत या देशातील शंभर माणसांत जेमतेम १८ साक्षर होती, आणि शंभर स्त्रियांत तर नऊसुद्धा नव्हत्या. अशा देशात प्रत्येक सज्ञान स्त्रीपुरुषाला मताचा अधिकार देणे हे पुष्कळांना वेडे धाडस वाटले. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार होते. वाचता येत नाही म्हणून मतपेट्यांवर चिन्हे लावावी लागली. पुढे १९७५ साली आणीबाणी आली, आणि १९७७ साली त्याच मतदारांनी मतपेटीतून सत्ता बदलून दाखवली. या प्रश्नाला देशाने चांगले गुण मिळवले आहेत, असे आपले घटनाकार म्हणतील, असे मानायला जागा आहे. निरक्षर माणसावर त्यांनी टाकलेला विश्वास त्याने वाया जाऊ दिला नाही.

दुसरा प्रश्न शाळेचा. घटनेच्या ४५ व्या कलमात त्यांनी लिहिले की, घटना अमलात आल्यापासून दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्याने प्रयत्न करावा. मार्गदर्शक तत्त्वे अनेक आहेत, पण मुदत घातलेले हे एकच होते. ती मुदत २६ जानेवारी १९६० रोजी संपली. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचे सुपुत्र गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले होते. तेव्हा ते परक्या सरकारने फेटाळले. स्वराज्यातही मुदत टळत गेली. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली, २००९ साली कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० रोजी तो लागू झाला. दहा वर्षांच्या कामाला आपण साठ वर्षे लावली. या साठ वर्षांत ज्या मुलांचे शाळेचे वय उलटून गेले, त्यांची मुदत कोणी वाढवून देणार आहे काय?

तिसरा प्रश्न बंधुतेचा, आणि तो सर्वांत कठीण आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या आपल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी बजावले होते की, राजकारणात आपण समान होणार आहोत, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहणार आहे. ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर जे उभारले आहे ते टिकणार नाही. त्या इशाऱ्यानंतर आपण भिवंडीत १९७० आणि १९८४ पाहिले, मुंबईत १९९२-९३ पाहिले. नाव ऐकून घर भाड्याने न देणारे लोक आजही भेटतात. या प्रश्नात देशाला गुण कमी पडले आहेत, हे स्पष्ट बोलले पाहिजे. त्यात देशद्रोह नाही. घटनेने दिलेल्या हमीची आठवण करून देणे हे नागरिकाचे कर्तव्यच आहे.

आता चौथा प्रश्न, आणि पालकहो, हा प्रश्न थेट आपल्याला विचारलेला आहे. घटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालवण्याचा हक्क दिला. मे १९४९ मध्ये घटना समितीने धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा ठेवायच्या नाहीत असे ठरवले. समितीतील एकमेव मुस्लिम महिला सदस्य बेगम एजाझ रसूल यांचाही राखीव जागांना विरोध होता. त्यामुळे अल्पसंख्याक बहुसंख्याकांपासून कायमचे तुटतील, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे आपल्याला वेगळे मतदारसंघ मिळाले नाहीत, पण शाळा काढण्याचा हक्क मिळाला. ज्यांनी हे स्वीकारले, त्यांनी आपल्या पुढच्या पिढ्यांवर एक भिस्त ठेवली होती. त्या हक्काचे आपण काय केले, असे त्यांनी विचारले तर?

काही उत्तर आपल्याकडे आहे. आज आपण ज्या मंडपात बसलो आहोत तो त्याच कलमाचा पुरावा आहे. महाराष्ट्रात २००१ च्या जनगणनेत मुसलमानांतील साक्षरता राज्याच्या सरासरीहून किंचित अधिकच होती. देशभरात मात्र चित्र वेगळे होते. सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल दिला. त्यात मुसलमानांतील साक्षरता सुमारे ५९ टक्के आणि देशाची सुमारे ६५ टक्के दाखवली होती. सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी चौथा हिस्सा एकतर शाळेत गेलाच नव्हता किंवा शाळा सोडून बसला होता. मुसलमान आपली सगळी मुले मदरशात घालतात, हा समजही या समितीने खोटा ठरवला. मदरशात जाणारी मुले शंभरात तीन-चारच होती. २०११ च्या जनगणनेत साक्षरता ६८ टक्क्यांवर गेली आणि अंतर थोडे कमी झाले. पण साक्षर होणे म्हणजे शिकणे नव्हे. पहिलीचा वर्ग भरलेला असतो. आठवीनंतर एकेक बाक रिकामा होऊ लागतो, आणि बारावीच्या पुढे तर मोजकीच मुले उरतात. मुलीला वयात आली म्हणून घरी बसवले जाते. मुलगा गॅरेजवर, बेकरीत किंवा आखातात जाणाऱ्या नातेवाईकाच्या भरवशावर शाळा सोडतो.

यावर दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. एक, शिकून तरी नोकरी कोण देतो? दोन, वातावरण चांगले नाही. दोन्हींत तथ्य आहे, हे मी नाकारत नाही. अन्यायाची जबाबदारी अन्याय करणाऱ्याचीच असते, ती आपल्या मुलांच्या माथी मारण्याचे कारण नाही. पण ज्या दिवसांत आजच्याहून कितीतरी वाईट वातावरण होते, त्या दिवसांत मौलाना आझादांनी काय केले ते पाहा. ऑक्टोबर १९४७ मध्ये दिल्लीच्या जामा मशिदीत भेदरलेला समाज बसला होता. अनेकांची गाठोडी बांधून तयार होती. मौलानांनी त्यांना सांगितले की, पळून जाऊ नका, हा देश तुमचा आहे आणि भीती सोडून त्याच्या उभारणीत भाग घ्या. नंतर १९५८ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, ते या देशाचे शिक्षणमंत्री होते. त्यांच्याच काळात खरगपूरची पहिली आय.आय.टी. १९५१ साली सुरू झाली आणि विद्यापीठ अनुदान मंडळ उभे राहिले. शिक्षण हा प्रत्येक नागरिकाचा जन्मसिद्ध हक्क आहे, ही त्यांची भूमिका होती.

आणि या मौलानांचे स्वतःचे शिक्षण झाले घरी. शाळा-कॉलेजाची पायरी ते चढले नव्हते. १९४२ ते १९४५ या काळात ते आपल्या महाराष्ट्रात, अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. तिथे असतानाच १९४३ साली त्यांच्या पत्नीचे कलकत्त्यात निधन झाले. सुटकेसाठी त्यांनी सरकारपुढे हात पसरला नाही. त्याच किल्ल्यात त्यांनी 'गुबार-ए-खातिर' मधील पत्रे लिहिली, आणि नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. बाहेरचा दरवाजा बंद होता म्हणून त्यांनी आतला दिवा विझवला नाही. ज्या समाजाच्या पैगंबरांवर उतरलेला पहिला आदेशच वाचण्याचा होता, त्या समाजाने वातावरणाचे कारण सांगून पुस्तक मिटावे, हे त्यांना पटले असते काय?

८६ व्या घटनादुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली, तिची चर्चा फारशी होत नाही. तिने नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत एका कर्तव्याची भर घातली. सहा ते चौदा वर्षांच्या आपल्या पाल्याला शिक्षणाची संधी देणे हे आता प्रत्येक आईवडिलांचे घटनात्मक कर्तव्य आहे. म्हणजे प्रश्नपत्रिकेवर आता सरकारच्या नावाशेजारी आपलेही नाव आहे. सरकारने शाळा, शिक्षक आणि शिष्यवृत्ती दिलीच पाहिजे, आणि ती मागताना आपण संकोच करू नये. पण मूल शाळेच्या दारापर्यंत नेण्याचे काम दुसरे कोणी करणार नाही.

म्हणून मी काही साध्या गोष्टी सुचवतो. लग्नाच्या खर्चातला एक हिस्सा मुलीच्या बारावीसाठी आणि पुढच्या शिक्षणासाठी वेगळा काढा. उत्पन्नाचा दाखला आणि अधिवासाचा दाखला शेवटच्या दिवसापर्यंत ठेवू नका. शिष्यवृत्ती अनेकदा गुणांमुळे नव्हे, कागदामुळे हुकते. मुले उर्दू माध्यमात शिकत असतील तर त्यांचे मराठी पक्के करून घ्या, कारण तलाठ्याच्या कचेरीत, बँकेत आणि स्पर्धा परीक्षेत तीच भाषा समोर येते. उर्दू आपला वारसा आहे, मराठी आपल्या भूमीची भाषा आहे. एकीसाठी दुसरी सोडावी लागत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आज ज्यांना बक्षिसे मिळाली त्यांचे अभिनंदन. पण आपल्या वर्गात पूर्वी बसणारा आणि आता न दिसणारा एक तरी मित्र, एक तरी मैत्रीण प्रत्येकाला आठवत असेल. तिच्या घरी जा. दहावी राहिली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून तिला परीक्षेला बसता येते, हे तिच्या आईला समजावून सांगा. कॉलेज सुटले असेल तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशांसाठीच काम करते आहे. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील, तेव्हा आपल्यातील प्रत्येकाने एका मुलाला तरी परत बाकावर आणून बसवावे, एवढीच माझी विनंती आहे.

आपले घटनाकार आज आले, तर ते किती उंच पुतळे उभारले हे पाहतील असे मला वाटत नाही. ते एखाद्या वस्तीत शिरतील, सकाळी अकरा वाजता कोणकोणती मुले रस्त्यावर आहेत हे मोजतील, आणि त्या संख्येवरून देशाची परीक्षा करतील. ती संख्या कमी करणे आपल्या हाती आहे, निदान आपल्या मोहल्ल्यापुरती तरी.

 खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.