बाहेरच्या भिंतीवरची अक्षरे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी लोणच्यापापडांवर किंवा फार तर घरच्या जमाखर्चावर बोलेन असे त्यांना वाटले असेल. पण आज मी तुम्हांला घराबाहेर नेणार आहे, आणि तेही चांगले चारशे किलोमीटर वर! घाबरू नका, बोलणे शेवटी स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच येणार आहे.

माझ्या नातवाने एकदा मला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे छायाचित्र दाखवले. १९९८ साली हे घर बांधायला घेतले आणि २ नोव्हेंबर २००० पासून त्यात माणसांचे बिऱ्हाड आहे. लांबी १०९ मीटर. ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने ते दीड तासात पृथ्वीला एक प्रदक्षिणा घालते. त्या छायाचित्रात मला नवल वाटले ते निराळेच. घराच्या बाहेरच्या अंगाला जागोजाग आकडे, अक्षरे, काळे ठिपके. एका लांबलचक यंत्राच्या हातावर तर ठळक अक्षरांत 'कॅनडा' असे नाव. मी म्हटले, "अरे, तिथून जाते कोण हे वाचायला? ना पोस्टमन, ना दूधवाला!"

तो हसला. पण मला काही चैन पडेना. मग मी वाचनालयातून पुस्तके आणली, माहिती काढली, आणि कळले ते असे.

त्या भिंतींवर धरायला दांड्या बसवलेल्या आहेत. दुरुस्तीसाठी माणूस बाहेर पडला, की एक दांडी सोडून दुसरी धरत तो पुढे सरकतो. तिथे वर-खाली असे काही नाही. पंचेचाळीस मिनिटे ऊन, पंचेचाळीस मिनिटे काळोख. काळोखात शिरस्त्राणावरच्या दिव्याचा काय तो उजेड. अशा वेळी "उजवीकडे वळ" म्हणून भागत नाही, कारण उजवीकडे म्हणजे कुणाच्या? म्हणून अमेरिकन बाजूच्या दांड्यांना क्रमांक आहेत. जमिनीवरून आवाज येतो, "अमुक क्रमांकाच्या दांडीपाशी जा." माणूस क्रमांक वाचतो आणि तिथेच पोचतो. तारांच्या जोडण्यांनाही अशीच लेबले. कुठली तार कुठे, ते वाचून जोडायचे.

आणि ही लेबले टिकायची म्हणजे काही साधी गोष्ट नव्हे. ऊन असे, की सावलीतून उन्हात जाताना तापमानात दोनशे अंशांहून अधिक फरक पडावा. त्या उंचीवर जी नावापुरती हवा उरते, तिच्यातले प्राणवायूचे सुटे अणू प्लॅस्टिकसारख्या वस्तू हळूहळू कुरतडतात. आपल्या बरणीवरची चिठ्ठी तिथे फार दिवस टिकायची नाही. ह्यूस्टनच्या अंतराळ केंद्रात लेबले तयार करण्यासाठी एक स्वतंत्र विभागच आहे!

आता त्या काळ्या ठिपक्यांची हकीकत ऐका. १९९८ च्या डिसेंबरात स्थानकाचे पहिले दोन भाग जोडायचे होते. यंत्राचा हात चालवायचे काम एका बाईंकडे होते, नॅन्सी करी त्यांचे नाव. एकेक भाग कित्येक टनांचा, आणि जोडायची जागा खिडकीतून सरळ दिसत नव्हती. तेव्हा भिंतीवरच्या त्या टिकल्या कॅमेऱ्याने टिपायच्या, आणि त्यांच्या जागांवरून दोन भाग किती दूर आहेत, किती कलले आहेत, हे संगणकाने सांगायचे, अशी युक्ती कॅनडाच्या तंत्रज्ञांनी केली होती. करीबाईंनी ते दोन्ही भाग अलगद जोडले. दृष्ट लागू नये म्हणून आपण तीट लावतो. इथे तिटेनेच दृष्टीचे काम केले.

अशा भिंतींवरून आपल्या बायकाही हिंडल्या आहेत बरे का. १८ ऑक्टोबर २०१९ रोजी क्रिस्टिना कॉक आणि जेसिका मीर या दोघीच बाहेर पडल्या. बरोबर पुरुष नाही, असे तोवर कधी झाले नव्हते. सात तास सतरा मिनिटांत त्यांनी विजेच्या यंत्रणेतला बिघडलेला भाग बदलला. ज्यांचे वडील गुजरातचे, त्या सुनीता विल्यम्स नऊ वेळा बाहेर गेल्या. एकूण ६२ तास ६ मिनिटे. एवढा वेळ त्यांचा जीव दोराच्या, दांडीच्या आणि भिंतीवरच्या अक्षरांच्या भरवशावर होता.

भरवसा हा शब्द मी मुद्दाम वापरला. कारण इथे मला स्वतःची एक चूक सांगायची आहे.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मी इस्पितळात होते. माझ्या स्वयंपाकघरात 'पिठीसाखर' असे नाव लिहिलेला एक डबा होता. साखर कधीच संपलेली, आणि एके दिवशी घाईत मी त्यात धुण्याचा सोडा भरून ठेवला होता. तो चुकीच्या फळीवर राहिला, नावही तसेच राहिले. मला ठाऊक होते, आणि माझ्या स्वयंपाकघरात माझ्याशिवाय कोण येते, अशी माझी समजूत. मी नसताना सुनेने धाकट्या नातवाच्या दुधात त्यातला चमचाभर घातला. पोराने एक घोट घेतला आणि किंचाळून तोंडातले सगळे टाकून दिले. लगेच तोंड धुतले, डॉक्टरांकडे नेले. देवाच्या दयेने दोन दिवस तोंड हुळहुळण्यावर निभावले. घरी आल्यावर सून मला एवढेच म्हणाली, "आई, मी नाव वाचूनच घातले हो."

मैत्रिणींनो, ती मला टाकून बोलली असती तर बरे झाले असते. त्या वाक्यानंतर कितीतरी रात्री मला झोप आली नाही. डब्यावरचे नाव आपण स्वतःसाठी लिहीत नाही. आपल्याला डोळे मिटूनही सापडते. नाव लिहायचे ते आपण नसताना जिचा हात तिथे जाईल तिच्यासाठी. ते खोटे असले, तर नाव नसण्यापेक्षा वाईट.

आता थोडे हसू या. उड्डाण करणाऱ्यांनी बाहेरच्या भिंतीवर गमतीही केल्या आहेत. १९६१ च्या जुलैत गस ग्रिसम ज्या कुपीतून वर गेले, तिचे नाव 'लिबर्टी बेल ७'. अमेरिकेची ती जुनी प्रसिद्ध घंटा तडकलेली आहे ना, म्हणून कुपीवर पांढऱ्या रंगाने तशीच तडा गेल्याची रेघ काढली होती! परत आल्यावर कुपी समुद्रात बुडाली, ग्रिसम वाचले. १९९९ साली ती साडेचार किलोमीटरांहून अधिक खोल पाण्यातून वर काढली. आणि १९९६ साली रशियाच्या 'मीर' स्थानकाबाहेर पेप्सीच्या डब्याची माणसाच्या छातीएवढी उंच प्रतिकृती धरून चित्रण केले. ती मात्र जाहिरात. घरच्या थट्टेची गोडी तिला नाही.

खरी गोडी आहे ती सेसिलिया बिबी या चित्रकार बाईंच्या हकीकतीत. फेब्रुवारी १९६२ मध्ये जॉन ग्लेन 'फ्रेंडशिप ७' या कुपीतून पृथ्वीभोवती तीन प्रदक्षिणा घालणार होते. कुपीवरचे नाव साच्याने न छापता कुणीतरी हाताने रंगवावे, अशी त्यांची इच्छा. काम बिबीबाईंकडे आले. पण उड्डाणाच्या मनोऱ्यावर बाईमाणसाला मज्जाव! ग्लेन यांनी आग्रह धरला, आणि बाई वर चढल्या. त्यांनीच पुढे सांगितले आहे, की ग्लेन यांना हसवण्यासाठी त्यांनी एका सुंदरीचे व्यंगचित्र काढून कुपीत ठेवायला दिले. त्या दिवशी उड्डाण रद्द झाले. पुढच्या वेळी ग्लेन यांनी पाहिले, तर सुंदरीच्या जागी बादली आणि पोछा घेतलेली एक जाडजूड घरधनीण! मला ती आपल्याच मंडळाची सभासद वाटली.

विचार करा, त्या माणसाला तासन् तास एका अरुंद कुपीत आडवे पडून राहायचे होते. परत येईन की नाही, याची खात्री नाही. त्याला हसू आले असेल, तेव्हा कुणीतरी आपली आठवण ठेवून हे काढले, एवढे तरी नक्की जाणवले असेल. प्रवासाला निघालेल्या मुलाच्या लाडवांच्या डब्यावर आपण 'एकट्याने खाऊ नये' अशी चिठ्ठी लावतो, तिचेही काम तेच.

म्हणजे क्रमांक असो की थट्टा, दोन्ही लिहितो तो मागे राहणारा, आणि वाचतो तो दूर गेलेला. लिहिणाऱ्याचे नाव बहुधा कुणाला कळत नाही. पण त्याने मन लावून लिहिले, म्हणून काळोखात दुसऱ्याचा हात बरोबर दांडीवर पडतो.

हे स्थानक आपल्या महाराष्ट्रावरूनही जाते. कधी दिवेलागणीच्या सुमारास गच्चीवर गेलात, तर न लुकलुकणारा एक ठळक तारा आकाश ओलांडताना दिसेल. इतक्या दुरून एकही अक्षर दिसणार नाही. पण ती तिथे आहेत, हे आता आपल्याला ठाऊक आहे.

आज घरी गेल्यावर माझे एक काम करा. फळीवरचा प्रत्येक डबा उघडून पाहा. आत आहे तेच बाहेर लिहिले आहे ना, याची खात्री करून घ्या. मी माझे सगळे डबे पुन्हा लिहिले. सुनेला शेजारी बसवून लिहिले, आणि सोड्याचा डबा मोरीच्या वरच्या फळीवर वेगळा ठेवला. नातवाने त्यावर तोंड वाकडे केलेल्या पोराचे चित्र काढून दिले आहे. ते पाहिले की आम्ही तिघेही हसतो.