हप्ते भरणाऱ्याची ‘श्यामची आई’



मघाशी या शाळेच्या बक्षीस समारंभाचं निवेदन करणाऱ्या मुलीने मला ‘वाचनवेडे’ म्हटलं. ऐकायला बरं वाटतं, पण त्यातून असा समज होतो की माणूस जन्मभर एकाच तऱ्हेने वाचतो. तसं नसतं. पाचवी-सहावीत मी फास्टर फेणेशिवाय काही हातात धरत नसे. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा किडकिडीत पोरगा संकटात उडी घ्यायचा आणि मी त्याच्या मागोमाग. निसर्गवर्णन आलं की पान उलटून पुढे! त्या वयात ‘पुढे काय झालं’ एवढंच हवं असतं आणि तेवढं पुरतं. तेव्हा पालकहो, मुलगा नुसत्याच साहसकथा वाचतो म्हणून तोंड वाकडं करू नका.

त्याच सुमारास ‘श्यामची आई’ वाचलं. तेव्हा मला दिसला तो श्याम. अंघोळीनंतर तळवे मळू नयेत म्हणून आईला पदर पसरायला लावणारा. पोहायला जायच्या भीतीने माळ्यावर लपणारा आणि मग आईचा मार खाणारा. हा लपणारा मुलगा तर माझ्या अगदी ओळखीचा होता.

पुढे नोकरी लागली, नवीन पनवेलला सिडकोच्या वसाहतीत घर घेतलं, दर महिन्याला पगारातून हप्ता कापला जाऊ लागला. मुलगी ऐकण्याजोगी झाली तेव्हा तिला वाचून दाखवायला तेच पुस्तक काढलं. पाहतो तर काय, हे पुस्तक कर्जाचं! एकेकाळच्या खोताच्या घरावर सावकाराचं देणं चढलेलं, दारात वसुलीला माणूस आलेला, घरच्या बाईदेखत त्याने काढलेले शब्द आणि ते ऐकून घेणारे वडील. सगळं पहिल्यापासून छापलेलंच होतं, पण शाळकरी वयात मी त्यावरून सरळ पुढे गेलो होतो. मुलगी माळ्यावरच्या श्यामला हसत होती आणि मी त्या वडिलांपाशी अडकून पडलो होतो. या पुस्तकातल्या आईवर आपण इतकं बोलतो, पण बापाविषयी अवाक्षर नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं. तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते आणि आई जाऊन पंधरा वर्षं उलटली होती. म्हणजे त्यांनाही घरावरचं ते कर्ज मोठ्या माणसाच्या नजरेनेच दिसत असणार.

त्याआधी, कॉलेजात असताना, ‘कोसला’ वाचली होती. १९६३ साली आलेली ही कादंबरी भालचंद्र नेमाड्यांनी पंचविशीत लिहिली आणि वाचावी तीही साधारण त्याच वयात. चाळिशीत पुन्हा वाचली तेव्हा पांडुरंग सांगवीकराला दोन थपडा द्याव्यात असं वाटलं. धाकट्या बहिणीच्या मृत्यूची पानं मात्र तेव्हाही सलग वाचवली नाहीत.

नोकरीची वर्षं गेली हार्बरच्या लोकलमध्ये. पनवेलहून गाडी सुटते हे आपल्या गावाचं केवढं भाग्य! बसायला मिळतं. पण मानखुर्दला गर्दी आत घुसली की भल्या कादंबरीचा धागाही तुटतो. म्हणून मी व्यंकटेश माडगूळकरांकडे वळलो. १९४९ सालचं ‘माणदेशी माणसं’ जणू हार्बर लाईनसाठीच लिहिलंय. वाशीचा खाडीपूल येईपर्यंत त्यातल्या व्यक्तिचित्रांपैकी एक माणूस वाचून व्हायचा. संध्याकाळी मात्र उभ्याने प्रवास, पुस्तक पिशवीतच. आज इथे बसलेले कितीतरी आईवडील हेच करतात. घरी येतात, कुकर लावतात, गृहपाठ घेतात आणि ‘हल्लीची मुलं वाचत नाहीत’ असं म्हणत मोबाईल उघडतात. मी रागावत नाही. काही वर्षं वाचन आटतं, ते आपोआप पुन्हा वाहू लागतं. फक्त तेव्हा घरात पुस्तक असावं.

आता डोळे कुरकुरतात, म्हणून नातीला वाचायला बसवतो. सध्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ चालू आहेत. १९३४ साली त्यांचा पहिला भाग निघाला. बाईंची भाषा इतकी बोलती की मला वाटतं ते पुस्तक ऐकण्यासाठीच आहे. त्यांच्या नवऱ्याचा, म्हणजे टिळकांचा, तापटपणा आणि न सांगता घरातून निघून जाणं आलं की नात चिडते. मग वाचन थांबवून आमचं भांडण होतं. ते मला पुस्तकाइतकंच आवडतं.

मुलांनो, आता बक्षिसं वाटायची आहेत आणि ती पुस्तकंच आहेत. न आवडलेलं पुस्तक मित्राच्या पुस्तकाशी खुशाल बदला. मुख्याध्यापिका बाई रागावणार नाहीत, मी त्यांना आधीच विचारून ठेवलंय. फक्त पहिल्या पानावरची नावाची चिठ्ठी काढू नका. दहा वर्षांनी ते परत मागावंसं वाटलं, तर कुणाच्या घरची बेल वाजवायची ते कळायला हवं.