जखमेची वाट पाहू नका

मला एकच मागणे मांडायचे आहे. स्क्लेरोडर्माच्या रुग्णाची बोटे थंडीत पांढरी पडू लागली की रक्तवाहिन्या सैल करणारे औषध तेव्हाच सुरू करावे, जखमेची वाट पाहू नये. मॉरिस रेनॉ यांनी १८६२ मध्ये या लक्षणाचे वर्णन केले, आणि आजही अनेक ठिकाणी ‘हातमोजे घाला’ एवढ्यावर रुग्णाची बोळवण होते. नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब ठेवून डर्मोस्कोपमधून पाहिले, तर हा निव्वळ थंडीचा त्रास नाही हे लगेच कळते. एकसारख्या ओळीने दिसायला हव्यात त्या केशवाहिन्या कुठे बेढब फुगलेल्या असतात, कुठे पार नाहीशा झालेल्या. अशा जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या बोटांना कधी ना कधी जखम होते. ती भरायला महिने लागू शकतात आणि तोवर कणीक मळणे, कपडे पिळणे, शर्टाचे बटण लावणे सगळेच अडते.

पुरावा काय सांगतो? निफेडिपिनच्या गटातील औषधांनी बोटे पांढरी पडण्याचे दोन आठवड्यांतले झटके सरासरी आठांनी कमी होतात, असे २००१ च्या एकत्रित विश्लेषणात दिसले. पण मला बोसेंटनच्या २००४ आणि २०११ च्या चाचण्या अधिक महत्त्वाच्या वाटतात. दोन्हींत नव्या जखमा कमी झाल्या. असलेल्या जखमा मात्र लवकर भरल्या नाहीत. सिल्डेनाफिलच्या २०१६ च्या चाचणीतही जखम भरण्याचा कालावधी घटल्याचे सिद्ध झाले नाही. उलट लखनौच्या संजय गांधी संस्थेत नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांना टाडालाफिलची जोड दिली, तेव्हा झटके घटले आणि नव्या जखमाही कमी झाल्या. ती चाचणी लहान होती, पण ते आपल्याच देशातले रुग्ण होते. औषधाची खरी ताकद जखमेच्या आधी आहे, असे मी म्हणतो ते यावरून.

यावर आक्षेप येतो की इथे वाहिन्यांच्या भिंतीच जाड झालेल्या असतात, मग त्या सैल करून काय साधणार? माझ्या मते आकुंचन रोखण्याची निकड त्यामुळेच वाढते. आधीच अरुंद झालेली वाहिनी थोड्याशा आकुंचनानेही पूर्ण बंद होते. बोसेंटनच्याच गटातले मॅसिटेंटन नव्या जखमा रोखण्यात अपयशी ठरले, हा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो मी मान्य करतो. म्हणून माझा भर कुठल्या एका महागड्या गोळीवर नाही. सुरुवात लांब पल्ल्याच्या, स्वस्त निफेडिपिनने करावी, डोकेदुखी, पायांची सूज आणि रक्तदाब पाहत मात्रा वाढवावी, आणि तेवढ्याने भागले नाही तर सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल द्यावे. बोसेंटन देताना दरमहा यकृताची तपासणी हवी, आणि गर्भधारणेची शक्यता असेल तर ते देऊच नये.

आणि औषध लिहिण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. रक्तदाबासाठी किंवा अर्धशिशीसाठी बीटा ब्लॉकर चालू आहे का? मिश्री लावता का? दुसरा प्रश्न बायकांना क्वचितच विचारला जातो, कारण आपल्या केसपेपरवर तंबाखू म्हणजे फक्त विडी-सिगारेट. निकोटिन हिरडीतून गेले तरी बोटांच्या वाहिन्या आवळतेच, आणि मग सकाळच्या गोळीने जे कमावले ते दिवसभराची मिश्री घालवून बसते.